राष्ट्रपती स्काऊट : शेवटच्या पायरीचा हिशेब

सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयात वर्धा परिसरातून रुग्ण येतात. पण रस्त्यात पडलेल्या माणसाला गाडी येईपर्यंत सांभाळायचे कोणी? रक्त कसे थांबवायचे, मोडलेला हात न हलवता कसा बांधायचा, हे शाळेच्या पुस्तकात वाचून होते. स्काऊट पथकात ते गळ्यातल्या स्कार्फनेच करून दाखवावे लागते. राष्ट्रपती पुरस्काराकडे जाणारी वाट अशाच साध्या कामांतून जाते.

ही चळवळ भारतात 1909 साली बंगळुरूत आली, तेव्हा तिच्यात भारतीय मुलांना प्रवेश नव्हता. म्हणून 1916 मध्ये अ‍ॅनी बेझंट यांनी आणि 1918 मध्ये अलाहाबादेत मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू यांनी स्वतंत्र संघटना उभारल्या. 7 नोव्हेंबर 1950 रोजी एकत्रीकरणातून ‘भारत स्काऊट्स आणि गाईड्स’ जन्मली. गर्ल गाईड्स पुढच्या वर्षी सामील झाल्या. ब्रिटिश अमदानीतला सर्वोच्च मान होता ‘किंग्ज स्काऊट’. आता तिथे राष्ट्रपतींचे नाव आहे.

प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार आणि मग राष्ट्रपती, असा हा जिना. प्रत्येक पायरीवर काही महिने काढावेच लागतात. उडी मारता येत नाही. गाठी, नकाशा, होकायंत्र, तंबू, चुलीवरचा स्वयंपाक, प्रावीण्य पदके, सेवा, शिवाय नोंदवही. आणि खरी कमाई, म्हणजे घामाने मिळवलेले चार पैसे.

अडचण येते ती वयाची. पाचवीत पथकात आलेल्या मुलाला वेळ पुरतो. आठवीत आलेला राज्य पुरस्कारापर्यंत पोचतो न पोचतो तोच दहावी समोर उभी राहते, आणि पालक सांगतात, आता गणवेश कपाटात ठेव. पथक पाचवीपासून चालवणारा शिक्षक नसेल, तर हुशार मुलगाही अर्ध्या जिन्यावर राहतो.

या पदकाचे व्यावहारिक मोलही आहे. रेल्वेच्या स्काऊट-गाईड कोट्यातील भरतीत ते धरले जाते. त्यात वावगे काही नाही. मात्र त्यापायी मित्राची नोंदवही उतरवून काढायचा मोह होतो, हेही खरे. माझ्या मते परीक्षकाने वही शेवटी उघडावी. आधी आपला हात पुढे करून म्हणावे, ‘हा मोडलाय असे समज, स्कार्फ सोड आणि बांध.’