दारू प्यायलेला नाही, तापलेला आहे

एप्रिल-मे महिन्यात वसईतल्या वालीवच्या एखाद्या कारखान्याच्या गाळ्यात कामगार अचानक बरळू लागला, हात झटकून अंगावर आला, चालताना झोकांड्या खाऊ लागला, की आधी संशय येतो तो दारूचा. त्याला कोपऱ्यात निजवतात, ‘उतरेल थोड्या वेळात’ म्हणतात. उष्माघाताबाबतचा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. शरीराच्या आतलं तापमान 40 अंशांच्या वर जाणं आणि त्याबरोबर मेंदूचं काम बिघडणं, ही उष्माघाताची ओळख. तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूतल्या पेशी उष्णतेला फार नाजूक असतात. त्यामुळे वाचलेल्या काही जणांची चाल आणि उच्चार पुढे कायमचे अडखळत राहतात.

‘पण तो तर सावलीत होता!’ पत्र्याच्या शेडखाली, मोल्डिंग मशीनशेजारी सावली असून नसल्यासारखीच. शिवाय राबणारे स्नायू स्वतःच उष्णता तयार करतात. ती बाहेर टाकायला मुख्य आधार घामाचा. एक लिटर घाम वाळताना सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण वाळला तर. वसईच्या दमट हवेत तो नुसताच निथळतो. म्हणूनच हवामान खातं मैदानी भागात 40 अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार करतं, तर किनारपट्टीवर 37 पासूनच. ‘विदर्भात 45 असतं, आपलं काय’ म्हणणाऱ्यांनी खारघर आठवावं. 16 एप्रिल 2023 च्या महाराष्ट्र भूषण सोहळ्यानंतर तिथे 14 जण दगावले, तेव्हा पारा 38 च्या आसपास होता.

‘घाम येतोय, म्हणजे ऊन लागलेलं नाही’ हेही खरं नाही. कष्टाचं काम करताना झालेल्या उष्माघातात माणूस घामाने चिंब असू शकतो.

आत काय चाललेलं असतं? एरवी कातडीला मिनिटाला जेमतेम पाव-अर्धा लिटर रक्त पुरतं. तीव्र उष्णतेत हा प्रवाह 6 ते 8 लिटरपर्यंत जाऊ शकतो. हे रक्त आणायचं कुठून? आतडी आणि मूत्रपिंडांच्या वाट्यातून. घामाने रक्तातलं पाणी आटत असताना हृदय धडधडत राहतं, आणि एका टप्प्यावर रक्तदाब कोसळतो. उपाशी पडलेल्या आतड्याचं अस्तर सैल होतं, जिवाणूंची विषं रक्तात झिरपतात. मग अंगभर दाह सुरू होतो, बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, गोठवणारे घटक त्यातच संपले की रक्तस्राव. मेंदूला एकीकडे रक्त अपुरं आणि दुसरीकडे उष्णतेचा थेट मारा. त्याला सूज येते, झटके येतात.

पॅरासिटामॉल इथे उपयोगाचं नाही. संसर्गाच्या तापात मेंदू स्वतःच तापमानाची पातळी वर नेतो आणि गोळी ती खाली आणते. उष्माघातात ती पातळी वर गेलेलीच नसते. गोळीने भर पडते ती यकृतावरच्या ताणात. कांदा हुंगवूनही काही होत नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी किंवा ओआरएस ओतलं तर ते फुप्फुसात जाऊ शकतं.

‘गार पाणी ओतलं तर लकवा मारेल’ ही भीती जुनी आहे. थंडीने कातडीच्या रक्तवाहिन्या आकसतात हे खरं, तरीही बर्फाचं पाणी ज्या वेगाने उष्णता खेचतं तसं दुसरं काही खेचत नाही. अमेरिकेतल्या फाल्मथ शर्यतीत 18 वर्षांत उष्माघाताच्या 274 धावपटूंना अशा पाण्यात बुडवलं, सगळे वाचले. टब नसेल तर ताडपत्री आहेच, आणि ती वालीवमध्ये कुठल्याही गाळ्यात सापडेल. चौघांनी कडा उचलून धरायच्या, रुग्णाला मधे ठेवायचं, डोकं वर धरून पाणी आणि बर्फ ओतायचा. वयस्कर किंवा हृदयरोगी असेल तर ओली चादर, पंखा आणि मान-काख-जांघेत बर्फाच्या पिशव्या बऱ्या. 108 ला फोन लगेच करायचा, पण रुग्णवाहिका येईपर्यंत हात चालू हवेत. हायवेची कोंडी ठाऊक असलेल्याला हे निराळं सांगायला नको. पहिल्या अर्ध्या तासात तापमान 39 च्या खाली आलं, तर वाचण्याची शक्यता खूप वाढते.

शुद्धीवर आल्यावर ‘उद्या ये कामावर’ म्हणणारा सुपरवायझरही चुकतोच. यकृताची इजा रक्ततपासणीत पुरती दिसायला दोन-तीन दिवस लागतात.