धुराविना दरवळ

रमजानात दुपारच्या वेळी बऱ्याच मुस्लिम घरांतली लोबानदाणी थंड असते. रोजात सुगंधाला मनाई नाही. अत्तर लावता येते, फूल हुंगता येते. पण धूर मुद्दाम आत ओढला तर रोजा तुटतो, असे हनफी उलेमा सांगतात. म्हणून लोबान पेटतो तो इफ्तारनंतर. मग दिवसभर बंद खोल्यांना, पेटीतल्या कपड्यांना वास कशाचा? अंगणात एक कुंडी असली, तर सबजाचा.

भंडाऱ्यात एका भिंतीच्या अलीकडे तुळस आणि पलीकडे सबजा असेल, तर त्या चुलत बहिणीच समजाव्यात. वनस्पतिशास्त्रात दोघींचे घराणे एकच, ऑसिमम. मंजिऱ्याही सारख्याच. अरबीत सबजाला रैहान म्हणतात. हा शब्द कुराणाच्या सूरह रहमानमध्ये सुवासिक वनस्पती या व्यापक अर्थाने येतो. कुणी रैहान दिले तर नाकारू नये, ते उचलायला हलके आणि वासाला चांगले असते, अशा आशयाची हदीसही आहे. शबे-बरातला कबरीवर ठेवतात त्या हिरव्या डहाळ्या बहुधा याच सबजाच्या. त्यानंतर पंधरा दिवसांनी रमजान.

लोबान हा दूर सुमात्रासारख्या बेटांवरून येणारा डिंक, सबजा घरचा. मात्र तो वाळवण्यात बरेच जण चुकतात. मिरच्या-पापडांबरोबर कडक उन्हात टाकला की उरतो नुसता पाला. सबजाचा वास पानांवरच्या बारीक ग्रंथींतल्या तेलात असतो आणि ते तेल उन्हाने उडते. म्हणून मंजिऱ्या फुलू लागल्या की सकाळी दव सुकल्यावर डहाळ्या कापाव्यात, लहान जुड्या बांधून सावलीत, वाऱ्याला उलट्या टांगाव्यात. पान चुरचुरू लागले की झाले. अख्खी पाने घट्ट झाकणाच्या बरणीत भरावीत, चुरायची ती लागतील तेव्हाच.

मलमलच्या पुरचुंडीत हा चुरा, दोन लवंगा आणि वाळ्याची थोडी मुळे घालून कपड्यांच्या घडीत ठेवावी. वाळा विदर्भाला नवा नाही, उन्हाळ्यात त्याच्या ताट्या भिजवून खोल्या गार करतच आलो आहोत. बैठकीत मात्र उघडे भांडे बरे. पितळेसाठी नावाजलेल्या या गावात एखादी जुनी पितळी वाटी घरात सापडतेच. वास मंदावला की चिमूटभर चुरा बोटांनी चोळला तरी पुरे.

चारदोन मंजिऱ्या मात्र कापू नयेत, झाडावरच वाळू द्याव्यात. त्यांतले काळे बी इफ्तारच्या शरबतात फुगायला लागते.