देवगिरीच्या कचेरीत जुळलेले नाते

दौलताबादचा, म्हणजेच देवगिरीचा, किल्ला पाहायला आलेली मंडळी चांदमिनार, खंदक, मेंढा तोफ आणि अंधारी पाहून उतरतात. यादवांची राजधानी इथे होती आणि 1327 मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीहून राजधानी इथे हलवली, हे त्यांना शाळेपासून ठाऊक असते. याच गडावर सोळाव्या शतकात जनार्दनस्वामी आणि एकनाथ यांचे नाते जुळले. गुरु-शिष्य म्हटले की आपल्याला आश्रम आठवतो. हे नाते मात्र सरकारी कचेरीत, रोजच्या कामातून वाढले, आणि म्हणूनच ते आपल्याला जवळचे वाटायला हवे.

किल्लेदार जनार्दनस्वामी

जनार्दनस्वामी मूळचे चाळीसगावचे, देशपांडे घराण्यातले. निजामशाहीत ते देवगिरीचा कारभार पाहत. त्यांचे गुरू चांद बोधले हे सूफी परंपरेतले मानले जातात. त्यांची कबर दौलताबादेतच आहे. नोकरी सुलतानाची आणि उपासना दत्ताची, यात स्वामींना विरोध वाटला नाही. त्यांच्या उपासनेसाठी गडावर दर गुरुवारी कामकाज बंद असे, ही आठवण परंपरेने जपली आहे.

पैठणहून आलेला मुलगा

एकनाथांचे आईवडील लहानपणीच गेले. आजोबा चक्रपाणी यांनी त्यांना वाढवले. बाराव्या वर्षाच्या सुमारास हा मुलगा कुणाला न सांगता पैठणहून निघाला आणि देवगिरीला पोहोचला. पोरक्या मुलाने स्वतः शोधलेले हे घर होते. तिथे त्याच्या वाट्याला आधी ग्रंथ आले नाहीत, पडेल ते काम आले: पाणी भरणे, पूजेची तयारी, स्वामींची सेवा, आणि पुढे कचेरीचा जमाखर्च.

एका पैची रात्र

संतचरित्रांतली गोष्ट अशी. हिशोबात एका पैचा मेळ लागेना. एकनाथ रात्री दिवा लावून वह्या घेऊन बसले. पहाटे चूक सापडली तेव्हा त्यांनी आनंदाने टाळी वाजवली. जनार्दनस्वामी मागे उभे राहून हे पाहत होते. एका पैच्या चुकीसाठी लागलेली ही तंद्री भगवंताकडे लागली तर काय होईल, असे ते म्हणाले.

कीर्तनात ही गोष्ट एकाग्रतेसाठी सांगतात. मला तिच्यातला स्वामींचा वागण्याचा रिवाज अधिक मोलाचा वाटतो. त्यांनी चूक काढून दिली नाही, ‘उद्या बघू’ म्हणून मुलाला झोपायलाही पाठवले नाही. रात्रभराची धडपड ज्याची त्याला करू दिली आणि सकाळी ती आपण पाहिली आहे, हे त्याला कळू दिले. हाताखालच्या माणसाचे कष्ट कुणी तरी पाहते आहे, एवढ्यावर माणसे आयुष्यभर बांधली जातात. दुसरीही एक कथा आहे: स्वामी समाधीत असताना गडावर शत्रू चालून आला, तेव्हा एकनाथांनी त्यांचा पोशाख चढवून, शस्त्र हाती घेऊन हल्ला परतवला. कथा खरी-खोटी कशीही असो, लोकांनी हे नाते किती विश्वासाचे मानले ते तिच्यात दिसते.

निरोप

स्वामींनी शिष्याला शूलिभंजनच्या डोंगरावर तपाला बसवले, पुढे तीर्थयात्रेला धाडले आणि मग संसार करायला सांगितले. इतका कामाचा माणूस कोणत्या अधिकाऱ्याने सुखाने सोडला असता? एकनाथ पैठणला गेले, गिरिजाबाईंशी त्यांचे लग्न झाले, मुलेबाळे झाली. पण अभंगाच्या शेवटी ते स्वतःचे नाव एकटे घालत नाहीत, ‘एका जनार्दनी’ अशीच मुद्रा येते. 1573 मध्ये काशीत पूर्ण झालेल्या एकनाथी भागवतातही जनार्दनाचे स्मरण पुन्हापुन्हा येते.

कचेरी भारुडात

गडावरची वर्षे आणखी एका ठिकाणी सापडतात. एकनाथांनी अर्जदस्त, ताकीदपत्र, अभयपत्र अशा सरकारी कागदांच्या घाटात भारुडे रचली. अर्जदस्तात देह हाच परगणा आणि किल्ला, जीव आणि बुद्धी तिथले कारभारी, आणि कामक्रोध कारभार बुडवायला टपलेले. फारसी वळणाची ती दरबारी भाषा त्या काळच्या रयतेच्या ओळखीची होती, म्हणून परमार्थ तिच्यापर्यंत थेट पोहोचला. दफ्तराची ही नस पोथ्या वाचून सापडत नाही. ती देवगिरीच्या वह्यांवर बसूनच हाती आली असणार.