पंप बदलण्याआधी दिवा बघा, आवाज ऐका

बचत गटाच्या कर्जाच्या रजिस्टरमध्ये पूर्वी शेळी, शिलाई मशीन, पिठाची गिरणी एवढंच असायचं. आता त्यात स्कूटर आणि मोटारसायकलही दिसते. डेअरीला दूध घालायचं, पापड-लोणची बाजाराला पोचवायची, मुलीला एसटीपर्यंत सोडायचं, सगळं त्याच गाडीवर. ती एक दिवस बंद राहिली तर त्या दिवसाची कमाई जाते, हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून आज गाडीबद्दल बोलूया. तीही नव्या, एफआय गाडीबद्दल.

एफआय म्हणजे फ्युएल इंजेक्शन. 1 एप्रिल 2020 पासून आपल्याकडे बीएस-6 चे नियम लागू झाले आणि तेव्हापासून पेट्रोलवर चालणाऱ्या जवळजवळ सगळ्या नव्या दुचाकी एफआयच्या आल्या. जुन्या गाडीत कार्बोरेटर होता. तिथे पेट्रोल हवेच्या ओढीनं इंजिनात जायचं. नव्या गाडीत टाकीतच विजेवर चालणारा छोटा पंप असतो. तो पेट्रोल दाबानं इंजेक्टरकडे ढकलतो आणि इंजेक्टर आपल्या फवारणी पंपाच्या नोझलसारखा बारीक फवारा मारतो. किती मारायचा, हे ईसीयू नावाचा छोटा संगणक ठरवतो. तुम्ही मूठ पिळली की हवेची झडप उघडते. ती किती उघडली, इंजिन किती तापलंय, हे सेन्सर त्याला कळवत राहतात.

म्हणजे पंप, इंजेक्टर, सेन्सर, सगळं विजेवर. त्यामुळे जुने उपाय इथे लागू पडत नाहीत. चोक ओढायला चोकच नसतो. बॅटरी पार उतरली असेल तर कितीही किका मारा, पंपाला पुरेशी वीज मिळत नाही आणि बऱ्याच गाड्या चालू होत नाहीत.

पहिली गोष्ट, मीटरवरचा इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा. किल्ली फिरवली की तो लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झालं की विझला पाहिजे. काही गाड्यांत तो थोडा आधीच विझतो. किल्ली फिरवूनही लागलाच नाही, तर वीजच पोचत नाहीये का ते बघा. गाडी चालू असताना तो तसाच राहिला, तर ईसीयूला कुठेतरी खोट सापडली आहे आणि तिचा कोड त्यानं साठवून ठेवला आहे. काही गाड्यांत हा दिवा कोडप्रमाणे लुकलुकतो. कसा लुकलुकला ते मोजा, कागदावर लिहा, गॅरेजमध्ये दाखवा. पण एक लक्षात ठेवा, कोड फक्त बोट दाखवतो. सेन्सरचा कोड आला म्हणजे सेन्सरच गेला असं नाही. त्याची पिन सैल झाली असेल, किंवा उंदरानं वायर कुरतडली असेल. पावसाळ्यात पडवीत उभ्या गाडीचं हे हमखास दुखणं.

दुसरी गोष्ट, आवाज. किल्ली ऑन करा आणि सेल्फ न मारता कान द्या. दोन-तीन सेकंद टाकीच्या बाजूनं बारीक घुंईऽऽ असा आवाज येतो. तो पंपाचा. तो आला तर निदान पंप फिरतोय. नाही आला, तर इंजिन बंद करायचं लाल बटण चुकून दाबलंय का ते बघा, मग फ्यूज, मग बॅटरीची टोकं. पंपाचा नंबर शेवटी. आमच्या गटातल्या एका ताईंना एका गॅरेजवाल्यानं तपासण्याआधीच पंप बदलायला सांगितलं, खर्च हजारांत. दुसऱ्यानं बॅटरीची सैल टोकं घासून आवळली आणि गाडी चालू झाली.

आणखी दोन साध्या गोष्टी. बऱ्याच नव्या गाड्या साइड स्टँड खाली असेल तर चालूच होत नाहीत. आणि गाडी आडवी पडली असेल, तर पडल्याचं ओळखणारा सेन्सर इंजिन बंद करतो. अशा वेळी गाडी उभी करून किल्ली एकदा पूर्ण बंद करा, मग पुन्हा ऑन करा. अर्थात आधी पेट्रोल गळत नाही ना ते बघून.

पेट्रोलचं सांगते. पन्नास-शंभरचं टाकायची आपली सवय आहे, हातात तेवढेच पैसे असतात हे मला कळतं. पण टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो. गाडी कायम रिझर्व्हवर चालवली तर पंप तापतो आणि तळाचा गाळ फिल्टरला लागतो. जमेल तेव्हा टाकी निम्म्यावर ठेवा. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यातलं काही आपल्याच उसाचं. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि पाणी जास्त झालं की ते तळाशी बसतं. म्हणून पावसाळ्यात बाटलीतलं पेट्रोल जपून घ्या. टाकीच्या झाकणाचं रबरही बघत जा.

आता मूठ, म्हणजे ॲक्सिलरेटर. गर्दीत वेग कमी केला की गाडी बंद पडते, अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा हवेच्या झडपेवर काजळी बसलेली असते किंवा एअर फिल्टर धुळीनं भरलेला असतो. हे साफ करायचं काम आहे, बदलायचं नाही. मात्र तारेनं खरवडू देऊ नका, त्यासाठी स्प्रे मिळतो. मूठ ठराविक जागी आली की दरवेळी झटका बसत असेल तर झडपेचा सेन्सर तपासायला सांगा. आणि स्कूटर चढावर ओढत नसेल तर दोष इंजेक्शनचाच असेल असं नाही, बेल्ट झिजला असेल किंवा ब्रेक धरत असेल.

मुठीची एक तपासणी मात्र दर आठवड्याला करा, कारण इथे जिवाचा प्रश्न आहे. गाडी बंद ठेवून मूठ पूर्ण पिळा आणि सोडा. ती स्वतःहून खट्‌कन मागे आली पाहिजे. हँडल डावीकडे वळवून एकदा, उजवीकडे वळवून एकदा, असं करून बघा. मुठीला सुरुवातीचा थोडा ढिलेपणा असतो, अनेक गाड्यांत 2 ते 6 मिलीमीटर. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत आहे. मूठ जड लागत असेल, अडकून हळू परतत असेल, किंवा नुसतं हँडल वळवलं तरी इंजिनाचा आवाज वाढत असेल, तर ॲक्सिलरेटरची वायर गंजली आहे किंवा ताणली गेली आहे. ती गाडी बाजारला नेऊ नका. आणि चालत्या गाडीत मूठ अडकलीच, तर बंद करायचं बटण दाबा, बटण नसेल तर किल्ली बंद करा. दोन्ही ब्रेक लावून कडेला या.

गाडी धुताना प्रेशरचा पाइप सीटखाली आणि वायरींच्या जोडांवर मारू देऊ नका. किल्ली ऑन असताना कोणी सेन्सरची पिन काढत असेल तर थांबवा.

गॅरेजमध्ये गेल्यावर पहिला प्रश्न विचारा, "दादा, स्कॅनर लावला का? कोड काय आला?" कोड लिहून घ्या. एफआय गाडीचा कार्बोरेटर साफ करतो असं कोणी म्हणालं, तर हसून गाडी पुढच्या गॅरेजकडे घ्या. पार्ट बदलला तर जुना परत मागा, बिलावर पार्टचं नाव लिहून घ्या. कोड पुसून झाला की दोन किलोमीटर चालवून दिवा पुन्हा लागतो का ते बघा, मगच पैसे द्या.