शेवटचं ‘नाही’ कुठे गेलं?

मराठीत नकार बहुतेकदा वाक्याच्या शेवटी येतो. एरवी हे कुणाच्या लक्षातही येत नाही, पण एक्सेलच्या सेलमध्ये वाक्य भरलं की त्याचा घोटाळा होऊ शकतो.

मी बुऱ्हाणपूरचा. आमच्याकडे घरात मराठी आणि बाजारात हिंदी. सुट्टीत गावी गेलो की आजीचे शब्द, पाककृती, आठवणी मी एक्सेलमध्ये उतरवून ठेवतो. पहिल्या रकान्यात शब्द, दुसऱ्यात आजीचं बोलणं, तिसऱ्यात तारीख. दराबा हा आमच्याकडचा खास गोड पदार्थ. त्याबद्दल आजीने बजावलं, “दराबा फेटताना हात थांबवायचा नाही.” पडद्यावर दिसत होतं, ‘दराबा फेटताना हात थांबवायचा’. झालं! आजी अगदी उलटंच सांगायला लागली.

असं का होतं? उजवीकडचा सेल रिकामा असेल तर लांब मजकूर त्याच्यावर पसरतो. तिथे काही भरलेलं असेल, माझ्या बाबतीत तारीख, तर मजकूर सीमेवरच कापलेला दिसतो. तो पुसला गेलेला नसतो. सेलवर क्लिक केलं की वरच्या फॉर्म्युला बारमध्ये ‘नाही’ सकट सगळं वाक्य दिसतं. पण प्रिंट काढली किंवा पीडीएफ करून कुणाला पाठवली, तर फॉर्म्युला बार काही सोबत जात नाही.

आमच्या जामा मशिदीत अरबीसोबत संस्कृत शिलालेखही आहे. दगडावर जेवढं कोरलं तेवढं दिसतं. एक्सेलचं तसं नाही, आत असतं एक आणि दिसतं भलतंच.

यावर उपाय म्हणजे होम टॅबवरचं ‘रॅप टेक्स्ट’. मजकूर सेलच्या रुंदीत मावेल अशा ओळींत मोडतो आणि ओळीची उंची वाढते. मात्र उंची आधी हाताने ठरवलेली असेल किंवा सेल मर्ज केलेले असतील, तर ती आपोआप वाढत नाही. (नोंदींच्या तक्त्यात सेल मर्ज करूच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.) पाककृतीची प्रत्येक पायरी नव्या ओळीवर हवी असेल तर ऑल्ट दाबून एंटर.

रॅपलाही मर्यादा आहेच. ओळीची उंची ४०९ पॉइंटांच्या पुढे जात नाही, म्हणजे कागदावर साधारण साडेचौदा सेंटीमीटर. आपल्या लिपीत मात्रा वर आणि उकार खाली, त्यामुळे ओळी उंच होतात आणि तेवढ्या जागेत कमी मावतात. एका सेलमध्ये ३२,७६७ कॅरॅक्टर साठवता येतात. एक्सेल २००३ मध्ये त्यातली फक्त १,०२४ सेलमध्ये दिसत.

आणि कॅरॅक्टर म्हणजे आपलं अक्षर नव्हे. ‘ज्ञानेश्वरी’ आपल्या लेखी चार अक्षरं. एक्सेलमध्ये लेन हे सूत्र लावून बघा, उत्तर ११ येतं, कारण काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. मर्यादा मोठी वाटते, पण मराठीत ती भराभर संपते.

म्हणून आजीच्या लांब आठवणी मी आता वर्डच्या फाइलमध्ये ठेवतो आणि एक्सेलमध्ये फक्त त्या फाइलचं नाव लिहितो. दराब्याची नोंद एक्सेलमध्येच आहे. तो रकाना रुंद केलाय, रॅप लावलंय, आणि कुणाला पाठवण्याआधी प्रिंट प्रिव्ह्यूमध्ये ‘नाही’ दिसतंय ना, ते बघून घेतो.