इतिहास शेकडा किती खरा?

बखरी शिकवताना दरवर्षी एखादा प्रश्न असा येतो, की तास संपला तरी तो पाठ सोडीत नाही. यंदा मागच्या बाकावरून एकाने विचारले, "सर, यातले शेकडा किती खरे?" वर्ग हसला. मीही हसलो, उत्तर मात्र सुचले नाही.

असा हिशेब एका गृहस्थाने खरोखरच मांडला होता. जॉन क्रेग हा न्यूटनच्या काळचा स्कॉटिश गणिती. १६९९ साली लॅटिनमध्ये ग्रंथ लिहून त्याने प्रतिपादिले, की साक्ष एका तोंडातून दुसऱ्या तोंडी, एका प्रतीतून दुसऱ्या प्रतीत जाताना झिजत जाते. या झिजेचे गणित करून ख्रिस्तचरित्राच्या लेखी पुराव्याची विश्वसनीयता इसवी सन ३१५० मध्ये पार संपेल, असे त्याने ठरविले! तेव्हा ख्रिस्ताचे पुनरागमन त्याआधीच व्हायला हवे. श्रद्धाळू माणसाने श्रद्धेलाच मुदत घालून द्यावी, ही गंमत नव्हे काय?

पण क्रेगला नुसते हसून चालणार नाही. ज्याने जुन्या पोथ्या चाळल्या आहेत, त्याला त्याचे निम्मे म्हणणे पटते. नकलकार ओळी गाळतात, पदरच्या घालतात. चूक एवढीच, की पुरावा झिजतो तसा वाढतोही, हे क्रेगच्या ध्यानात आले नाही.

शिवछत्रपतींच्या जन्मतिथीचेच पाहा. पूर्वी उत्तरकालीन बखरींच्या आधारे शके १५४९ चा वैशाख, म्हणजे इ. स. १६२७, धरीत. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली. तीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०! पुढे १९२७ साली महाराजांच्या समकालीन कवींद्र परमानंदाचे 'शिवभारत' छापून निघाले, आणि त्यातही तीच तिथी. जवळजवळ तीनशे वर्षांनी पुरावा बळावला. बखरी संख्येने अधिक होत्या हे खरे. पण एकीवरून दुसरी उतरलेली असेल तर दहा बखरींचा साक्षीदार एकच. शकावली आणि काव्य ही एकमेकांवरून उतरलेली दिसत नाहीत, म्हणून त्या दोघांचे वजन जास्त.

मग १६३० हे शेकडा नव्वद खरे म्हणावे काय? महाराज शंभरदा जन्मले नि त्यांपैकी नव्वद वेळा फाल्गुनात, असे तर नाही! जन्म एकदाच झाला आणि सोळा आणे झाला. उणे-अधिक आहे ते आमच्या माहितीत. विमा कंपनीजवळ लाखो मरणांचे कोष्टक असते, इतिहासाजवळ प्रत्येक गोष्ट एकुलती एक. निदान कागद तरी तोलता येतात. ईश्वर आहे की नाही, याचे कोणी टक्के सांगू लागला, तर मोजायला दुसरी विश्वे आणायची कोठून? तो आपल्या मनाचा कल सांगत असतो, एवढेच.

पुढच्या तासाला हे सारे त्या विद्यार्थ्याला सांगितले. 'सगळेच संशयास्पद' म्हणून मोकळा झालो असतो, तर त्याने सगळेच टाकून दिले असते, ही धास्ती मला होती. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग सर, परीक्षेत काय लिहू?"

"दोन्ही तिथी लिही," मी म्हणालो, "आणि कोणती कोणी, केव्हा लिहिली तेही लिही."

"त्याला गुण किती?"