मॅमोग्राम तोच, मत वेगळं का?

एकच मॅमोग्राम दोन डॉक्टर वेगळा वाचतात. अमेरिकेतल्या १९९४ च्या एका अभ्यासात १० रेडिओलॉजिस्टनी तेच १५० मॅमोग्राम वाचले. कर्करोग नसलेल्या स्त्रियांपैकी कुणी ११ टक्के पुढच्या तपासणीला पाठवल्या, कुणी चक्क ६५ टक्के! मग एखादं नवं यंत्र जुन्यापेक्षा सरस ठरलं, तर श्रेय यंत्राचं की वाचणाऱ्याच्या नजरेचं? म्हणून त्याच रुग्णांच्या दोन्ही यंत्रांवरच्या प्रतिमा सगळ्या डॉक्टरांना देतात. डॉर्फमन, बर्बाउम आणि मेट्झ यांच्या १९९२ च्या पद्धतीत एकेक रुग्ण वगळून अचूकता किती हलते ते पाहतात आणि यंत्र, डॉक्टर, रुग्ण यांचा वाटा वेगळा काढतात. हजारो प्रतिमा घेतल्या की भागेल ना? नाही, वाचणारा एकच असेल, तर निष्कर्ष त्याच्यापुरताच. तेव्हा नव्या तपासणीची जाहिरात वाचताना प्रतिमा किती होत्या याआधी वाचणारे किती होते, ते विचारा.